पाणी येण्यापूर्वीचा अभ्यास

२०२० च्या जानेवारीतील गोष्ट. सांगलीत कृष्णेच्या काठाजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन दवाखान्यात आले होते. काकूंना फुप्फुसांचा जुनाट विकार, सीओपीडी. आदल्या दिवाळीपासून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागला होता. त्या दिवशी सोबत त्यांचा नातूही होता. कॅलिफोर्नियात वाढलेला, विशीतला, सुट्टीसाठी आलेला. मराठी मात्र घरात जपलेले, स्वच्छ.

‘‘तिकडे काय शिकतोस?’’ मी सहज विचारले.

उत्तर गुरुजींनीच दिले, तेही थोडे अडखळत. ‘‘आपत्तीचं काहीतरी शिकतो. दोन वर्षांचं कॉलेज आहे. तिकडे डिग्री म्हणतात, पण आपल्याकडच्या डिप्लोमासारखंच.’’ थोरला नातू संगणक अभियंता, नात दंतवैद्य. त्या ओळीत या मुलाला कुठे बसवावे, हे त्यांना उमगत नव्हते. मुलगा नुसता हसला. मग त्याने मला एक प्रश्न विचारला.

‘‘डॉक्टरकाका, आजीचं मशीन विजेवर चालतं. गेल्या ऑगस्टच्या पुरात इथे वीज किती दिवस नव्हती?’’

‘‘आमच्या भागात चार-पाच दिवस तरी नव्हती.’’

‘‘मग अशा मशीनवरचे तुमचे किती पेशंट आहेत? त्यांची यादी आहे तुमच्याकडे?’’

मी पंचविसाहून अधिक वर्षे या गावात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. कोणाच्या आजोबांना कोणत्या गोळीने खोकला येतो, कोणत्या घरात मीठ कमी करा म्हटल्यावर लोणच्याची बरणी लपवली जाते, हे मला तोंडपाठ आहे. ही यादी मात्र माझ्याकडे नव्हती. ती असावी असे कधी वाटलेही नव्हते. आणि असे न वाटण्याची किंमत पाचच महिन्यांपूर्वी माझ्या एका रुग्णाने मोजली होती.

एक फोन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पाणी चढत असताना एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंचा मला फोन आला. मुलगा पुण्याला, त्या घरी एकट्या. मधुमेहासाठी दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणाऱ्या. ‘‘डॉक्टर, काय करू? निघू का?’’ असे त्यांनी विचारले. ‘‘माडीवर जाऊन बसा, दोन दिवसांत पाणी ओसरेल,’’ असे मी सांगितले. माझ्या आठवणीतील पूर तसेच होते.

इन्सुलिन कुठे आहे, हे मी विचारले नाही. ते खालच्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये होते आणि रात्रीतून ते स्वयंपाकघर पाण्याखाली गेले. चौथ्या दिवशी नावेतून त्यांना बाहेर काढले, तेव्हा रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली होती. नावेपर्यंत त्या कमरेएवढ्या पाण्यातून अनवाणी चालल्या. तळपायाला काहीतरी लागले, ते त्यांना कळलेही नाही. मधुमेहाने पायाची संवेदना आधीच कमी झाली होती. जखम चिघळली. दीड महिन्याने गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. पण त्या मुलाने यादीबद्दल विचारले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या याच बाई. मी त्याला म्हणालो, ‘‘संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर ये. तू काय शिकतोस ते मला समजून घ्यायचं आहे.’’

दोन वर्षांचा अभ्यासक्रम

अमेरिकेत बारावीनंतर चार वर्षांच्या पदवीकडे जाण्याऐवजी अनेक विद्यार्थी आधी सामुदायिक महाविद्यालयात दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी घेतात. साधारणपणे ६० श्रेयांकांचा हा अभ्यास असतो. शुल्क तुलनेने कमी असते आणि पुढे शिकायचे असल्यास त्यातील बरेच श्रेयांक विद्यापीठात धरले जातात. अग्निशमन दलातील जवान, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि नोकरी सांभाळून शिकणारी प्रौढ माणसेही या वर्गांत असतात. आणीबाणी व आपत्ती व्यवस्थापन हा त्यातील एक विषय. इंग्रजी लेखन, गणित, मानसशास्त्र, सभेत बोलण्याची कला हे सर्वसाधारण विषय आणि त्यांच्या जोडीला धोक्यांचे मूल्यमापन, नियोजन, प्रतिसाद, पुनर्वसन, सराव कवायतींची आखणी हे मुख्य विषय. १९७९ मध्ये स्थापन झालेली तेथील संघीय संस्था ‘फेमा’ आपले प्राथमिक पाठ इंटरनेटवर विनामूल्य देते आणि अनेक महाविद्यालये ते पाठ पूर्ण करून घेतात.

या शिक्षणाचा कणा म्हणजे चार टप्पे. पहिला शमन : धोका मुळातच कमी करणे. दुसरा पूर्वतयारी. तिसरा प्रतिसाद, म्हणजे प्रत्यक्ष संकटातील हालचाल. चौथा पुनर्उभारणी. आपण सामान्य माणसे तिसऱ्या टप्प्यालाच आपत्ती व्यवस्थापन समजतो : नावा, हेलिकॉप्टर, शिट्ट्या, जेवणाची पाकिटे. तो मुलगा म्हणाला, ‘‘आमचे शिक्षक सांगतात, तिसऱ्या टप्प्यात जे चुकतं ते बहुतेक दुसऱ्या टप्प्यात चुकलेलं असतं.’’

मी चपापलो. वैद्यकशास्त्रात आम्ही प्रतिबंध हा शब्द उठता-बसता उच्चारतो. गोवर, क्षय, हृदयविकार या सर्वांच्या प्रतिबंधाबद्दल मी व्याख्याने दिली आहेत. पुराला मात्र मी निसर्गाचा कोप मानून सोडून दिले होते.

वृद्धांबद्दल आकडे काय सांगतात

या अभ्यासक्रमात जुन्या आपत्तींचे शवविच्छेदन करावे तसे बारकाईने वाचन होते. त्यातील दोन-तीन उदाहरणे ज्येष्ठांच्या घरात आवर्जून सांगावीत अशी आहेत.

१९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. काही दिवसांत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि पुष्कळसे एकटे राहणारे होते. चोरीच्या भीतीने खिडक्या बंद, घरात वातानुकूलन नाही, दार ठोठावणारे कोणी नाही. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने या घटनेवर लिहिलेले पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसते ते असे, की उन्हाइतकाच एकटेपणाही जीवघेणा ठरला होता. ज्या वस्त्यांत माणसे रस्त्यावर भेटत, दुकानात थांबत, एकमेकांना ओळखत, तेथे गरिबी असूनही मृत्यू कमी होते.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. लुइझियाना राज्यात मरण पावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांवरील होते. लोकसंख्येत मात्र या वयाची माणसे थोडीच होती. शहराजवळच्या एका शुश्रूषागृहातील वृद्धांना वेळीच हलवले गेले नाही आणि तेथे ३५ जण बुडून गेले. २०१७ मध्ये फ्लोरिडातील एका शुश्रूषागृहात तर पाणी शिरलेच नव्हते. वादळाने वातानुकूलन यंत्रणेची वीज गेली, खोल्या तापल्या आणि १२ वृद्धांचे प्राण गेले. त्यानंतर त्या राज्याने अशा संस्थांना पर्यायी विजेची सोय कायद्याने बंधनकारक केली.

या उदाहरणांतून डॉक्टर म्हणून मला जे उमजले ते असे. आपत्तीत वृद्ध माणूस केवळ पाण्याने, वाऱ्याने किंवा भिंत कोसळून जात नाही. औषध चुकल्याने, यंत्र बंद पडल्याने, पाणी कमी प्यायल्याने, जागा बदलून गोंधळ उडाल्याने, आणि ‘‘मी ठीक आहे, आधी इतरांना बघा’’ असे म्हटल्यानेही तो जातो. अपघातस्थळी जखमींची वर्गवारी करताना चालत्या-बोलत्या माणसाला हिरवी खूण मिळते, म्हणजे त्याने थांबले तरी चालेल. ही पद्धत योग्यच आहे; पण ऐंशी वर्षांचा माणूस सकाळी हिरवा असतो आणि संध्याकाळी लाल होतो. काळजी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवून दर काही तासांनी त्याच्याकडे नव्याने पाहावे.

एका घराचा आराखडा

मुलाला महाविद्यालयात एक गृहपाठ होता : कोणत्याही एका घराचा आणीबाणी आराखडा तयार करणे. त्याने आजी-आजोबांचे घर निवडले होते. पुढचे तीन दिवस तो वही-पेन्सिल घेऊन त्या घरात हिंडला. गुरुजी आधी वैतागले. ‘‘या घरात मी साठ वर्षं राहतोय, हा मला दारं दाखवतो!’’ असे त्यांनी मला फोनवर सांगितले. चौथ्या दिवशी मात्र ते स्वतःच वही घेऊन माझ्याकडे आले.

त्या वहीतील नोंदी साध्या होत्या. विजेचा मुख्य खटका जिन्याखाली, जमिनीपासून दोन फुटांवर. पाणी शिरले तर बंद करायला जाणे धोक्याचे, म्हणून पाणी अंगणात येण्याआधीच बंद करायचा. घराच्या कागदपत्रांची पेटी तळघरातील कपाटात. मागच्या दाराची किल्ली फक्त गुरुजींना ठाऊक. आजीला जिना चढायला लागणारा वेळ : मध्ये दोन वेळा थांबून सहा मिनिटे. आजोबांचे श्रवणयंत्र रात्री काढलेले, म्हणजे रात्री भोंगा वाजला किंवा कोणी हाक मारली तरी ऐकू जाणार नाही. शेवटची नोंद अधोरेखित होती : ‘आजीला उचलून नेणारे दोघे कोण? नावे लिहा.’

हे सारे कोणालाही करता येईल. आपल्या घरापुरते पुढील गोष्टींचे उत्तर आजच लिहून ठेवावे.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावावा. अमेरिकेत अनेक ठिकाणी वृद्धांच्या घरी आजारांची व औषधांची माहिती अशीच फ्रिजवर लावलेली असते, कारण मदतीला येणाऱ्या परक्या माणसाला फ्रिज लगेच सापडतो. त्यावर नाव, वय, रक्तगट, आजार, औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची अॅलर्जी, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. त्यातील एक नातेवाईक दुसऱ्या शहरातला असावा. संकटात गावातील गावात फोन लागत नाही, तेव्हाही बाहेरगावी निरोप पोचण्याची शक्यता असते. फोन लागत नसेल तर लघुसंदेश पाठवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे दाराजवळ ठेवलेली पिशवी. निदान तीन दिवसांचा विचार करावा, असे या अभ्यासक्रमात शिकवतात. आपल्या पुरांचा अनुभव पाहता औषधे सात दिवसांची असावीत. जुना चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कवळीची डबी, काठी, विजेरी, शिट्टी, मोबाइलची पॉवर बँक, थोडी रोख रक्कम, आधार कार्डाची व औषधचिठ्ठीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, मोठ्यांचे डायपर लागत असल्यास तेही, आणि बंद चपलांचा किंवा बुटांचा एक जोड. मधुमेह असलेल्या माणसाने पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नये, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तिसरी गोष्ट हलवण्याची. चालता न येणाऱ्या माणसाला उचलण्यासाठी हाताची मजबूत खुर्ची पुष्कळ उपयोगी पडते. माणूस खुर्चीत बसवावा, ओढणी किंवा चादरीने छातीशी सैलसर बांधावा, एकाने पाठ आणि एकाने पुढचे पाय धरून खुर्ची मागे किंचित कलती ठेवून न्यावी. जिन्यावर हा प्रयोग कोरड्या दिवशी, धडधाकट माणसाला बसवून एकदा तरी करून पाहावा.

औषधांचा विचार

हा भाग माझ्या अखत्यारीतला. त्यामुळे थोडे सविस्तर.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन मात्र ३० अंशांखालील तापमानात साधारण चार आठवडे चालते. त्यामुळे वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही. ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या मडक्यात, कोरड्या डबीत बंद करून ठेवल्यास ते गारव्यात राहते. ते बर्फाला चिकटून गोठले तर मात्र टाकून द्यावे. जेवण अनिश्चित असेल तर मात्रा किती ठेवायची, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्यावे. साखर कमी झाल्यास उपयोगी म्हणून खिशात गूळ किंवा ग्लुकोज असू द्यावे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्यांनी एक हिशेब करून ठेवावा. ‘बी टाइप’ म्हणून मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असतील तर तो साधारण १२ तास पुरतो. याचा अर्थ असा, की एक सिलिंडर म्हणजे पूर काढण्याचे साधन नव्हे. सुरक्षित ठिकाणी पोचेपर्यंतचा तो अवधी आहे. अशा रुग्णाने वीज जाण्याची वाट न पाहता पहिल्या सूचनेलाच हलावे. सिलिंडरजवळ मेणबत्ती, निरांजन, कंदील काहीही नको.

डायलिसिसवरील रुग्णांनी आपल्या केंद्राला आजच विचारावे, की रस्ता बंद झाला तर दुसरे केंद्र कोणते. एखादी फेरी हुकण्याची वेळ आली तर पाणी, मीठ आणि पोटॅशियम यांवर कडक नियंत्रण लागते. मदत छावणीत प्रेमाने वाटली जाणारी केळी आणि शहाळी या रुग्णांना घातक ठरू शकतात, हे स्वयंसेवकांना ठाऊक नसते. ते आपणच सांगावे लागते.

फिट्सची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयविकार वा रक्तदाबासाठीच्या बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. घरातील औषधांपैकी कोणती एक दिवसही चुकवायची नाहीत, त्यांवर डॉक्टरांकडून लाल खूण करून घ्यावी. पिशवी भरताना घाई झाली तरी लाल खुणेची औषधे आधी जातील.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला अनोळखी छावणीत अधिक गोंधळायला होते आणि ती भटकण्याचा संभव असतो. तिच्या कपड्याच्या आतील खिशात नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, मोबाइलमध्ये अलीकडचे छायाचित्र असावे, आणि तिची नेहमीची शाल किंवा जपमाळ सोबत घ्यावी.

पाणी ओसरल्यानंतर पुढचे चार आठवडे ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास ती अंगावर काढू नयेत. लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना प्रतिबंधक गोळी द्यावी का, हे डॉक्टर ठरवतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

एकाने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे

१९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात भीषण वणवे पेटले. विझवायला अनेक दले धावली. पण प्रत्येकाची भाषा, हुद्दे आणि हुकूम निराळे. त्या गोंधळातून धडा घेऊन पुढे घटनास्थळी आज्ञा देण्याची एक समान पद्धत घडवली गेली. तिची तत्त्वे थोडकी आहेत : प्रत्येकाला हुकूम देणारा एकच असावा, एका प्रमुखाच्या हाताखाली साधारण पाच माणसे असावीत आणि सांकेतिक शब्द टाळून साध्या भाषेत बोलावे.

आपल्या कुटुंबांत नेमके उलट घडते. पाणी चढू लागले की मुलगा पुण्याहून, मुलगी ठाण्याहून, जावई बंगळुरूहून फोन करतो आणि प्रत्येकाचा सल्ला निराळा. म्हाताऱ्या माणसाला कोणाचे मन मोडवत नाही. म्हणून ते जागचे हलत नाहीत. यावर उपाय म्हणजे निर्णय कोणी घ्यायचा हे आधीच ठरवणे आणि निर्णयाची वेळ आकड्यात बांधणे. गुरुजींच्या घराने ठरवले : आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचले की काकू निघतील. त्यावर चर्चा होणार नाही.

२०२१ चा जुलै

त्या मुलाच्या वहीतून गुरुजींनी गल्लीची वही केली. प्रत्येक घरी जाऊन, विचारून आणि संमती घेऊनच त्यांनी नोंदी केल्या. एकटे राहणारे कोण, यंत्रावर कोण, जिना न उतरू शकणारे कोण. मीही दवाखान्यात तशीच यादी केली. नंतर करोनाचे दिवस आले आणि अनपेक्षितपणे याच यादीने एकट्या वृद्धांच्या घरी औषधे पोचवण्याचे काम केले.

२०२१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस कृष्णा पुन्हा फुगली. पातळी ५० फुटांच्या वर गेली. काकू त्याआधीच सिलिंडर व मशीन घेऊन विश्रामबागेत भाचीकडे पोचल्या होत्या. मी यादीतील प्रत्येकाला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला तो एकच : ‘‘औषधं कुठे आहेत?’’ पाय गमावलेल्या त्या बाई मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, तरी मी त्यांनाही फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, या वेळी इन्सुलिन हातात आहे.’’ काय उत्तर द्यावे, मला सुचले नाही.

सगळेच सुरळीत झाले, असे मात्र नाही. एका आजोबांनी आपली म्हैस सोडून निघायला साफ नकार दिला. त्यांना शेवटी अंधारात, पाण्यातून काढावे लागले. कॅटरिनाच्या वेळीही कित्येक माणसे पाळीव जनावरांपायी घराबाहेर पडली नव्हती. म्हणून २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून स्थलांतराच्या आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार आवश्यक केला. आमच्या वहीत म्हैस नव्हती. आता आहे.

आपल्याकडे हे शिक्षण

आपल्या देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्याआधी १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मराठवाडा हादरला होता. हे शिकण्याच्या सोयी आता आपल्याकडेही आहेत. इग्नू या मुक्त विद्यापीठाने या विषयात प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम चालवले आहेत. घरी बसून शिकण्याची ती रीत नोकरदारांना आणि निवृत्तांना सोयीची आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. नागपूरच्या राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयाची सुरुवात १९५७ मध्ये झाली होती. पुण्याची यशदा शासकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. ‘आपदा मित्र’ या केंद्रीय योजनेतून सामान्य नागरिकांना स्वयंसेवक म्हणून तयार केले जाते.

असे प्रशिक्षण का हवे, याचा एक दाखला १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात सापडतो. तेथे सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यांतून शेकडो माणसे ओढून काढली. पण प्रशिक्षण नसल्याने त्यांच्यापैकीही अनेकांनी जीव गमावला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने शेजारीपाजाऱ्यांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला, तो पुढे अमेरिकाभर पसरला. धावून जाणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. धावून कसे जावे, एवढेच शिकायचे आहे.

नातवंड असे काही शिकू इच्छीत असेल, तर ‘‘यात नोकरी काय?’’ एवढ्यावर बोलणे संपवू नये. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे, महानगरपालिका, रुग्णालये, कारखाने, सेवाभावी संस्था यांना अशी माणसे लागतात. ज्येष्ठांनी स्वतःला केवळ वाचवले जाणारे समजू नये. पूर्वी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, कोणता रस्ता आधी बंद होतो, कोणत्या घरात कोण एकटे आहे, हे ज्ञान त्यांच्याच जवळ असते. गल्लीची वही ठेवण्यासाठी निवृत्त शिक्षकाइतका योग्य माणूस दुसरा नाही.

काही क्रमांक फ्रिजवरील त्या कागदाच्या तळाशी लिहून ठेवावेत : सर्व आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी १४५६७.

तो मुलगा दोन वर्षांची पदवी संपवून पुढील शिक्षणासाठी विद्यापीठात गेला. गुरुजी अजूनही महिन्यातून एकदा वही घेऊन दवाखान्यात येतात. आम्ही दोघे नावे तपासतो : कोणी गेले, कोणी आले, कोणाला नवे मशीन लागले. मागच्या खेपेस प्रतीक्षागृहात एका नव्या रुग्णाने त्यांना विचारले, ‘‘नातू काय करतो हो अमेरिकेत?’’

‘‘आपत्ती व्यवस्थापन शिकतो,’’ गुरुजी म्हणाले. मग वही उघडून त्यांनी त्या गृहस्थांना विचारले, ‘‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’’